तिसरं अ‍ॅकॉर्डियन

आमच्या भाऊजींना मरायच्या आधी एकदा स्वतःला ऐकायचं होतं.

माणसांच्या शेवटच्या इच्छा बारकाईने पाहिल्या तर बहुतेक सगळ्या दुसऱ्याला कामाला लावणाऱ्या असतात. कुणाला बालपणीचं घर बघायचं असतं, कुणाला रुसून बसलेल्या भावाची भेट हवी असते. त्या मानाने ही इच्छा घरबसल्या भागण्यासारखी होती. मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. कुठल्या बाबीला मंजुरी द्यावी आणि कुठली शेरा मारून परत पाठवावी हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. मी हो म्हणालो. माझ्याबरोबर माझा हा समजही निवृत्त झाला असता तर बरं झालं असतं.

बाब अशी होती. भाऊजी तरुणपणी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, आणि एका गाण्यात त्यांनी ते वाजवलं होतं. गाण्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल आणि माझ्याकडे लक्ष राहणार नाही. लिफ्टमध्ये वाजतं, हॉटेलात वाजतं, बँकेला फोन केला की 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे वाजतं, ते. त्याच्या संगीतकाराची रीत जगावेगळी होती. इतरांचं एका पियानोवर भागायचं, याला तीन लागायचे. शिवाय सहा गिटार, चार ट्रम्पेट, व्हायोलिनवाल्यांची पलटण आणि तीन अ‍ॅकॉर्डियन. ही सगळी वरात एका लहानशा खोलीत खुर्चीला खुर्ची लावून बसवायची, सगळ्यांकडून एकच ओळ एकदम वाजवून घ्यायची, आणि मग त्याच्यावर तीच ओळ पुन्हा एकदा चढवायची. नियम एकच, की कुणीही वेगळं ऐकू येता कामा नये. हा काचेपलीकडे डोळे मिटून बसायचा आणि मध्येच हात वर करायचा. "चौथी गिटार मला ऐकू आली. तिने घरी जावं." चौथा गिटारवाला गिटार पेटीत घालून, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत, घरी जायचा. त्याला पुन्हा बोलावणं यायचं नाही.

भाऊजी त्या गाण्यात तिसरं अ‍ॅकॉर्डियन होते. त्यांना घरी पाठवलं नव्हतं. पुढे ते शिलाई मशीनच्या दुकानात लागले, तिथेच म्हातारे झाले, अ‍ॅकॉर्डियन कपाटावर गेलं आणि त्याच्यावर सुटकेसेस चढल्या. पण कुणी विचारलं, की "मी वादक." पुरावा काय, तर त्या दिवशी घरी पाठवलं गेलं नाही हा. कुठेही ते गाणं लागलं की भाऊजी बोट वर करायचे. "हं, आता ऐका. मागे. जरा उजवीकडे." आम्ही मागे, जरा उजवीकडे कान लावायचो. तिथे भलंमोठं काहीतरी चाललेलं असायचं. त्यात भाऊजी असू शकले असते. एखादा हत्तीही असू शकला असता.

माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुम्ही त्यात आहात कशावरून?" यावर भाऊजी हसायचे. ताई हसायची. मीही हसायचो. या तिघांपैकी एकाला विनोद कळलेलाच नव्हता, आणि तो मी होतो, हे मला फार उशिरा समजलं.

ताईला टोमणे मारायचा हक्क होता, हेही नोंदवून ठेवतो. भाऊजी सगळ्याच बाबतींत एक ठोका मागे. जेवायला हाक मारली की पोळी गार झाल्यावर येणार. विनोद झाला की सगळे हसून थांबल्यावर हसणार. दाराची बेल वाजली, की पाहुणा जिना उतरल्यावर दार उघडणार. "हे मरतीलसुद्धा वेळ टळल्यावर," असं ताई म्हणायची. अर्थात त्यांची फुप्फुसं निकामी व्हायच्या आधी.

आता ते पलंगावर होते. नाकात नळी, आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन, जे दिवसभर घोरायचं. फॅमिली डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन म्हणाले, "काही करायचं राहिलं असेल तर करून घ्या."

"साधारण किती वेळ आहे?"

"तुम्हा हिशेबवाल्यांना आकडा लागतो," ते म्हणाले. "माझ्याकडे नाही."

त्याच दुपारी भाऊजींनी मला जवळ बोलावलं. एकेका वाक्याला दोन दोन श्वास खर्ची पडत होते. "मेहुणे, हल्ली ते गाणं लागतं ना. त्यात मी नसतो."

"भाऊजी, कान आता..."

"कान ठणठणीत आहेत. तुमच्या बहिणीचं पुटपुटणं भिंतीपलीकडून ऐकू येतं. पूर्वी मी त्यात असायचो. आता नसतो. एकदा ऐकवा."

मला वाटलं, ऑक्सिजन कमी पडतोय. तरीही कामाला लागलो.

आमच्या इमारतीत कामाला लागणं म्हणजे पहिल्यांदा सल्ले जमा करणं. खालच्या मजल्यावर एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना आम्ही दातवाले म्हणतो. त्यांच्या दवाखान्यात जुनी गाणी लागतात, आणि तोंडात कापूस असलेल्या माणसाला प्रतिवाद करता येत नसल्यामुळे संगीताबद्दलची त्यांची मतं फार पक्की झालेली आहेत. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडसर राहतात. त्यांची मतं आधीपासूनच पक्की होती. या दोन मजल्यांच्या मधोमध ताईचं घर असल्यामुळे मतभेद साहजिकच तिथे भेटायचे.

"त्या गाण्याला गाणं म्हणू नका हो," दातवाले म्हणाले. "ते हवामान आहे. त्यात आपण शिरायचं, भिजायचं. एकेक वाद्य काय शोधता? पाऊस आल्यावर थेंब मोजता का?"

"वर्गातली साठ पोरं एकदम ओरडायची," हेडसर म्हणाले, "तेव्हा मी त्याला हवामान म्हणत नव्हतो. अंगठे धरायला लावत होतो. एका वेळी एकाने बोलावं. तीन पियानो कशाला? एकाचा भरवसा नव्हता म्हणून?"

"घट्टपणा येतो."

"घट्टपणा भिंतीला लागतो. गाण्याला खिडक्या लागतात."

पलंगावरून भाऊजी कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते. आपल्यावर भांडण चाललंय याचा त्यांना आनंद झालेला दिसला. वास्तविक भांडणात त्यांचा उल्लेखही नव्हता.

दोघांचं एकमत फक्त एका जागेवर होतं. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. एक क्षण काहीच नाही. आणि त्या शांततेत गायिकेचा एक हलका श्वास ऐकू येतो, आणि मग सगळं पुन्हा अंगावर कोसळतं.

"त्या एका श्वासासाठी तर तो सगळा डोंगर रचला," दातवाले म्हणाले. हे म्हणताना त्यांचे डोळे ओलावले.

"अख्ख्या गाण्यात प्रामाणिक काय असेल तर तेवढंच," हेडसर म्हणाले. "एक बाई श्वास घेते आणि बाकीचे गप्प बसतात. पण हल्ली तोही ऐकू येत नाही."

"तुमचे कान गेले, हेडसर."

"माझे कान गेले असते तर मला तुम्ही सहन झाला असतात."

ताई चहात साखर ढवळत होती. ती चमचा जरा जास्तच वाजवतेय असं मला वाटलं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते.

दातवाल्यांचं निदान असं होतं, की दोष भाऊजींत नाही, आमच्या डबड्या रेडिओत आहे. चांगल्या स्पीकरवर असं गाणं पदर उलगडावा तसं उलगडतं. त्यांच्याकडे मूळची जुनी तबकडी होती, पण तिला ते स्वतःसुद्धा हात धुतल्याशिवाय शिवत नसत. म्हणून कंपनीने नव्याने झाडूनपुसून काढलेली आवृत्ती फोनवर वाजवायची ठरली. दोन स्पीकर आले. आकाराने ते स्वयंपाकघरातल्या फ्रिजएवढे होते. पलंग सरकवला, ताईची शिवणाची खुर्ची गॅलरीत गेली, आणि माझी जागा दाराच्या उंबऱ्यावर ठरली. एवढं करून खोलीत प्लगची जागा एकच होती. तिथे ऑक्सिजनच्या मशीनशेजारी स्पीकर लागले.

गाणं सुरू झालं. खिडकीची काच थरथरली. भिंतीवरच्या फोटोतले ताईचे सासरे तिरके झाले. तीन पियानो, सहा गिटार, ट्रम्पेट, सगळे छातीवर येऊन बसले. भाऊजींचं बोट हळूहळू वर गेलं. "मागे... जरा उज..."

आणि सगळं थांबलं.

दातवाल्यांना क्षणभर वाटलं, तीच ती शांततेची जागा आली. पण पंखाही थांबला होता. दिवाही गेला होता. आणि गेले कितीतरी दिवस जे घोरणं ऐकून ऐकून आम्हाला ऐकू येईनासं झालं होतं, ते थांबल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं.

"स्पीकरमुळे नाही झालं," दातवाले अंधारात म्हणाले. "वायरिंग जुनं आहे."

"एका तारेवर किती जणांनी बोलायचं याला मर्यादा असते. हेच मी मघापासून सांगतोय," हेडसर म्हणाले.

मुख्य बटण नक्की कुठे आहे यावर दोघांमध्ये तिसरा वाद सुरू झाला तेव्हा ताई त्यांच्यामधून वाट काढत जिन्यात गेली आणि बटण वर करून आली. मशीन पुन्हा घोरायला लागलं. भाऊजींचे ओठ निळे झाले होते. बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं.

"आलो का ऐकू?" त्यांनी विचारलं.

दातवाल्यांनी स्पीकरवरची धूळ पुसली.

या प्रसंगानंतर मी ठरवलं की शेजाऱ्यांचे सल्ले बास. आता रीतसर मार्ग. माझा कार्यालयांवर विश्वास आहे. आयुष्य तिथे गेलं आहे, त्यामुळे दुसरा इलाज नाही. गाणं ज्या कंपनीचं होतं तिच्या तळघरात मूळच्या टेपा असतात, आणि त्यावर कदाचित अ‍ॅकॉर्डियन वेगळं ऐकता येईल, असं कळलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काउंटरवरच्या बाई सभ्य होत्या. सभ्य माणसांकडून काम होत नाही तेव्हा फार त्रास होतो, कारण ओरडता येत नाही.

"टेप ऐकायला मिळते काका," त्या म्हणाल्या, "पण फक्त त्यावर वाजवणाऱ्या कलाकाराला. तुमचे भाऊजी वाजवणाऱ्यांत आहेत याचा पुरावा द्या."

"तबकडीवर नुसतं 'वाद्यवृंद' लिहिलंय. नावं नाहीत."

"मग पुरावा लागेल."

"पुरावा टेपमध्ये आहे."

"टेप पुराव्याशिवाय देता येत नाही."

मी त्या वाक्याचं मनातल्या मनात कौतुक केलं. इतकं घट्ट बांधलेलं वाक्य मी स्वतः नोकरीत असताना कधी लिहू शकलो नव्हतो.

"बरोबर वाजवणारे कुणी असतील तर त्यांचं पत्र चालेल," बाई म्हणाल्या.

"सगळे वारले."

"अरेरे." त्या खरोखर हळहळल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमचे भाऊजी हयात आहेत याचा दाखला. ताजा हवा."

"किती ताजा?"

"अर्ज मंजूर होईल त्या दिवशीचा."

"मंजूर कधी होईल?"

"ते नाही सांगता यायचं."

मी उठलो तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट फुकटात सांगितली. तसंही फार काही मिळालं नसतं, म्हणाल्या. त्या संगीतकाराने वेगळं काही ठेवलंच नव्हतं. सगळं एका खोलीत, एकाच टेपवर. "वेगळं करता येऊ नये म्हणूनच तसं करायचे म्हणे." म्हणजे माझा अर्ज नामंजूर व्हायची व्यवस्था माझ्या तरुणपणीच करून ठेवलेली होती. वर्षानुवर्षं मी लोकांना काउंटरवरून परत पाठवलं, पण इतक्या दूरदृष्टीने कुणाला पाठवलं नाही.

मग मला कुणीतरी धुलाईवाल्याचं नाव सुचवलं. हा गृहस्थ एका बंद खोलीत बसून लोकांच्या आवाजांची धुलाई करायचा. भाषणातला खोकला काढायचा, समारंभाच्या चित्रणातला जनरेटर काढायचा. खोलीच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला होता, त्यामुळे तिथे आपलंच बोलणं आपल्याला परकं वाटायचं. त्याच्याकडे एक नवं तंत्र होतं. कालवलेल्या गाण्यातून ते गळा वेगळा काढतं, ताल वेगळा काढतं, म्हणाल ते वाद्य चिमट्यात धरून बाहेर काढतं. मी त्याला नव्या आवृत्तीचं गाणं दिलं आणि सांगितलं, "तीन अ‍ॅकॉर्डियन आहेत. तिसरं हवंय."

"तिन्ही एकच ओळ वाजवतायत?"

"तोच तर नियम होता."

त्याचे डोळे चमकले. काही माणसांना अशक्य काम दिलं की तब्येत सुधारते.

त्याने पहिलं अ‍ॅकॉर्डियन काढून पाठवलं. मी ते फोनवर भाऊजींना ऐकवलं. दातवाले आणि हेडसर होतेच. बाकीची सगळी वाद्यं काढून टाकल्यावर ते बिचारं एकटं वाद्य डबीत कोंडलेल्या माशीसारखं वाजत होतं.

"अहाहा," हेडसर म्हणाले. "कसं स्वच्छ. एकेक स्वर मोजून घ्या."

"खून केलात तुम्ही," दातवाले म्हणाले. "दात उपटून हातात दिला आणि म्हणे, हसून दाखवा."

भाऊजींनी शेवटपर्यंत ऐकलं. "हा मी नाही," ते म्हणाले. "हा पहिला. पहिलाच घाई करायचा."

दुसरं आलं. "हा त्याचा मेहुणा," भाऊजी म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून क्षीणसं हसले. "पहिल्याच्या मागे मागे फरपटत जातोय बघा. मेहुण्यांचं असंच असतं."

तिसरं आलं नाही. आला तो धुलाईवाल्याचा फोन. माझ्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून मी फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो. ही सवय अत्यंत घातक आहे, असं आता माझं मत आहे.

"काका, सगळं उलटंपालटं करून बघितलं," त्याचा आवाज खोलीभर घुमला. "पहिला काढला, दुसरा काढला. खाली काहीच उरत नाही. त्या गाण्यात तिसरं अ‍ॅकॉर्डियन नाहीच."

मशीन घोरत राहिलं. हेडसरांनी खिडकीबाहेर पाहिलं. दातवाले उठून भिंतीवरचे तिरके सासरे सरळ करायला लागले. मी भाऊजींना म्हणालो, "त्याच्या धुलाईच्या मशीनला काय कळतंय." यावर भाऊजींनी ठोका न चुकवता, आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर, उत्तर दिलं.

"कळतं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांनी बोलणं सोडलं. जेवणाची वाटी आली तशी परत जायची. मला याचा राग आला, हे कबूल केलं पाहिजे. माणसाने कुणासाठी एवढी पायपीट करावी, काउंटरवर अपमान सोसावा, आणि शेवटी हातात काय यावं, तर तुम्ही नव्हतात असा दाखला. तोही चार माणसांसमोर. मी ताईला तसं म्हणालोही. ताईने माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

"चल. कुठे बसतो तो तुझा धोबी?"

शेजारणीला भाऊजींपाशी बसवून आम्ही निघालो. स्पंजच्या खोलीत शिरल्यावर ताईने खुर्चीसुद्धा घेतली नाही. धुलाईवाला पडद्यावरच्या रंगीत रेघा दाखवत खुलासा करायला लागला, तर तिने हाताने थांबवलं.

"तुमचं मशीन बरोबर आहे," ती म्हणाली. "यांनी काही वाजवलंच नव्हतं."

मी पडद्यावरच्या रेघा पुन्हा एकदा तपासल्या.

"त्या दिवशी यांच्या डोळ्यांदेखत दोघांना घरी पाठवलं. हे नवे. घाबरले. आपलं ऐकू आलं तर संपलं. म्हणून यांनी बोटं नुसती पट्ट्यांवर ठेवली, एकही दाबली नाही. त्या वाद्याला बाजूला हवेचं बटण असतं. ते दाबलं की भाता मुकाट्याने उघडतो, मिटतो. अख्खं गाणं यांनी नुसता भाता हलवला."

"आणि कुणाला कळलं नाही?" धुलाईवाल्याने विचारलं.

"संपल्यावर तो संगीतकार काचेमागून बाहेर आला. म्हणाला, तिसरं अ‍ॅकॉर्डियन सगळ्यांत उत्तम. असं वाजवायला शिका." ताई हसली नाही. "त्यांना जन्मात मिळालेली तेवढी एक शाबासकी. लग्नानंतर महिनाभरात मला सांगितलं. रडत होते."

"म्हणून तू विचारायचीस? कशावरून म्हणून?"

"आमची दोघांची थट्टा होती ती. मी विचारलं की ते हसायचे. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं." ती माझ्याकडे वळली. "तू ती मशीनकडून वदवून घेतलीस."

माझ्या नोकरीत मी अनेकांना कैचीत पकडलं, पण कुणी माझी इतकी कमी शब्दांत तपासणी केली नव्हती.

"मग त्यांना ऐकायचं तरी काय होतं?" मी विचारलं.

"शेवटच्या कडव्याआधी सगळे थांबतात ना? हेही थांबायला हवे होते. पण हे नेहमीसारखे एक ठोका मागे. भाता उघडाच राहिला होता, तो मिटला. त्याची हवा सुटली. सगळ्यांना वाटलं, गायिकेने श्वास घेतला. तिलाही वाटलं असेल. ती जागा ऐकायची होती त्यांना."

धुलाईवाला खुर्चीत मागे सरकला. "ती हवा? तुम्ही मला नवी आवृत्ती दिलीत. त्यात ती नाहीच. कंपनीने धुऊन काढलीय." मग अडखळत म्हणाला, "मीही काढली असती. दोष म्हणून."

"तोच दोष," ताई म्हणाली. "तोच मी घरात बाळगलाय."

जुनी तबकडी फक्त दातवाल्यांकडे होती. ताईने त्यांना कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की जुनी तबकडी ऐकवा, ती त्यांना ऐकायची आहे. त्यांनी काचेचं मूल आणावं तशी ती छातीशी धरून आणली. फॅमिली डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते आणि यावेळी मी आकडा विचारला नव्हता. हेडसर कुणी न बोलावता आले आणि उभेच राहिले. तबकडीचं यंत्र लहान होतं; ताईने शेजारच्या खोलीतून लांब वायर ओढून त्याला वेगळा प्लग दिला.

ताई भाऊजींच्या कानाशी वाकली. "अहो. जुनी लावतोय. धुतलेली नाही."

भाऊजींनी तोंड भिंतीकडून इकडे वळवलं. त्यासाठी त्यांना बराच वेळ लागला.

सुई टेकली. आधी नुसती खरखर, मग ते सगळे आले. पियानो, गिटार, ट्रम्पेट, एकमेकांच्या अंगावर. या खेपेला मला तो आवाज गर्दी वाटला नाही की हवामान वाटलं नाही. एका लहान खोलीत घाबरून बसलेली पुष्कळ माणसं वाटली. आपण वेगळे ऐकू यावं असं त्यांच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं.

भाऊजींचे ओठ हलले. मला कळलं नाही, ताईला कळलं. "मशीन," ती म्हणाली. "घोरण्यात ऐकू येणार नाही म्हणतात." मग त्यांना म्हणाली, "तेवढ्या जागेपुरतं बंद करीन. लगेच लावणार. काय?"

भाऊजींनी मान हलवली.

शेवटचं कडवं जवळ आलं. ताईने बटणावर हात ठेवला आणि भाऊजींच्या चेहऱ्यावर डोळे. गाणं थांबलं. मशीन थांबलं. खोलीत काहीच उरलं नाही, आणि त्या काहीच नसण्यात एक हलका श्वास आला.

भाऊजींचं बोट वर गेलं.

मग सगळी वाद्यं पुन्हा कोसळली. ताईने बटण दाबलं, मशीन पुन्हा घोरायला लागलं, आणि कडवं शेवटपर्यंत वाजलं. तीन पियानो, सहा गिटार, सगळे. गाणं संपून सुई कडेला खरखरायला लागली तेव्हा आमच्या लक्षात आलं. इतक्या आवाजांत एक कमी झाला तर कळत नाही. मला वाटतं, त्या संगीतकाराला नेमकं हेच साधायचं होतं.

फॅमिली डॉक्टर पुन्हा आले. तेवढा वेळ बटण बंद राहिल्याने काही झालेलं नाही, वेळच झाली होती, असं त्यांनी ताईला दोनदा सांगितलं. ताईने दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

माणसं येऊन जाऊन झाली, खोली रिकामी झाली, मशीन ज्यांचं होतं ते घेऊन गेले. पलंग पूर्वीच्या जागी सरकवला, पण शिवणाची खुर्ची गॅलरीतच राहिली. एके दिवशी संध्याकाळी दातवाले आणि हेडसर ताईला भेटायला आले. सांत्वनाची चार वाक्यं झाली, चहा झाला, आणि मग दोघांनाही राहवलं नाही.

"काहीही म्हणा," दातवाले हळूच म्हणाले, "पण तो श्वास तबकडीवर केवढा स्वच्छ आला. त्यांना ऐकायला मिळाला, हे समाधान."

"तबकडीवरचा नव्हता तो," हेडसर म्हणाले. "मी पलंगाशीच उभा होतो. पलंगावरून आला."

"अहो, मी ती तबकडी शंभरदा ऐकलीय. जागा तीच, श्वास तोच."

"मीही माणसं जाताना पाहिली आहेत. एकच श्वास होता आणि तो त्यांचा होता."

"एकच होता, पण तबकडीवरचा."

आवाज चढायला लागले तसा मी मध्ये पडायला उठलो. ताईने मला खूण करून खाली बसवलं.

"भांडू नका," ती म्हणाली. "दोन होते. आणि दोन्ही यांचेच. दुसरा एक ठोका मागे."

बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं दोघांच्याही चेहऱ्यावर उमटलं. माझ्या हिशेबी त्यांचं एकमत व्हायची ही दुसरी वेळ. दातवाल्यांनी कप बशीत ठेवला आणि दुखऱ्या दाताला हात लावण्यापूर्वी काढतात तसा मऊ आवाज काढला.

"वहिनी, पहिला त्या गायिकेचा हो."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

"कशावरून?" ती म्हणाली.